धूळ आणि अनुस्वार

सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जेमतेम अठरा दिवस उरले होते. नवी पेठेतल्या माझ्या दुकानात लग्नपत्रिकांची गर्दी, आणि त्यात एक मावशी आपल्या मुलाला घेऊन आल्या. पिशवीत लाल कापडात बांधलेली वही. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि दर सोमवारी भजनाला. मिल बंद पडली, भजन चालू राहिलं. पदं स्वतःच रचायचे. ते गेल्यावर मंडळानं त्यांची आठ पदं रेकॉर्ड केली होती. मोबाइलवर ती जाणारच होती, पण मावशींना सीडी हवी होती, तीनशे. घरात सीडी लावायला काही आहे का, असं मी विचारणार होतो, पण त्या वहीवर हात ठेवून बसल्या होत्या. मग नाही विचारलं.

काम तसं सोपं. पुढची पुस्तिका १२० बाय १२० मिलिमीटर, मागचा कागद १५१ बाय ११८, त्याच्या दोन्ही कडांना साडेसहा मिलिमीटरच्या दुमडी, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची कड. मुखपृष्ठाला अण्णांचा टाळ घेतलेला फोटो मिळाला, तो तासाभरात बसला. मावशींची अट एकच होती : "पदं टाइप करू नका ओ. त्यांचं अक्षरच छापा."

मला बरंच वाटलं. फोटोशॉपमध्ये देवनागरीचं टेक्स्ट इंजिन नीट लावलेलं नसलं की 'सिद्धेश्वर'ची वेलांटी भलतीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. हस्ताक्षर म्हणजे चित्र, मोडायचा प्रश्नच नाही.

वही मात्र अनेक वर्षं देव्हाऱ्यात राहिलेली. पिवळे डाग, हळद, कुंकू, तेलाचे थेंब, माश्यांनी करून ठेवलेले ठिपके. मी अकरा पानं ३०० डीपीआयला स्कॅन केली, एक ॲक्शन, म्हणजे सगळ्या पानांवर आपोआप चालणाऱ्या पायऱ्या, रेकॉर्ड केली : ग्रेस्केल, मग 'डस्ट अँड स्क्रॅचेस', रेडियस ६, थ्रेशोल्ड शून्य, मग लेव्हल्स, मग सेव्ह. बॅचला लावलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर पानं दुधासारखी स्वच्छ. मूळ स्कॅनवरच सेव्ह झालीत, हेही तेव्हा लक्षात आलं, पण पानं इतकी छान दिसत होती की मूळ कशाला लागतंय, असं वाटलं.

दोन दिवसांनी प्रूफ दाखवलं. मावशी चौथी शिकलेल्या, बोट ठेवून वाचतात. वाचतात म्हणजे पुटपुटत गातात. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"हे काय लिहिलंय ओ?"

मी पाहिलं. 'चिता माझी वाहे सिद्धेश्वर.'

मुलानं पान ओढून घेतलं. त्याच्यावरची ओळ मग आम्हा दोघांनाही दिसली : 'सिद्धाचे अगणी रगला मृदग.' अकरा पानांत एकही अनुस्वार शिल्लक नव्हता.

हा फिल्टर करतो काय, तर प्रत्येक पिक्सेलच्या आजूबाजूच्यांची मतं घेतो आणि मधलं मत ठेवतो. अण्णांच्या जाड निबची रेघ लांबवर जाते, तिच्या शेजारी तिचेच पिक्सेल असतात, म्हणून ती टिकते. ठिपक्याच्या चारी बाजूंना कोरा कागद. तो मतदानात पडतो. फोटोशॉपच्या लेखी धूळ आणि अनुस्वार एकच.

मावशी काही बोलल्या नाहीत. चष्मा काढून पुसत बसल्या. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मी वही परत मागितली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या वहीसोबत स्वतःच आल्या आणि कॉम्प्युटरशेजारी खुर्ची ओढून बसल्या.

या वेळी रंगीत स्कॅन केलं आणि पहिल्या दिवशी जे करायला हवं होतं ते केलं. चॅनेल्स उघडले, म्हणजे चित्रातला लाल, हिरवा आणि निळा भाग वेगवेगळा पाहिला. ब्लू चॅनेलमध्ये प्रत्येक पिवळा डाग काळाकुट्ट. रेड चॅनेलवर गेलो, तर हळद गेली, कुंकू गेलं, कागदाचा पिवळेपणाही जवळजवळ गेला, आणि निळी शाई मात्र ठसठशीत काळी. एकही फिल्टर न लावता. अकरा वर्षं हे काम करतोय, ही गोष्ट माहीत नव्हती असं नाही. चहाची घाई.

उरले माश्यांचे ठिपके. ते काळे, कुठल्याच चॅनेलमध्ये जात नाहीत. मावशी म्हणाल्या, "मी म्हणते, तुम्ही बघा." टेबलावर बोटांनी ठेका धरून त्या एकेक ओळ गायला लागल्या. अं-गणी, रं-गला, मृ-दं-ग. नाकात गेलेला प्रत्येक सूर मी पडद्यावर शोधायचो. सापडला की ठेवायचा, बाकीचे क्लोन स्टॅम्पनं पुसायचे. बाहेर दुकानांची शटर पडत होती.

दीड पदानंतर अडलं. 'अंगणीं'च्या णीवर ठिपका, 'नाहीं'वर ठिपका, 'तें'वर, 'घरांत'वर. मावशींच्या गाण्यात तिथं काही वाजत नव्हतं. मी पुसायला लागलो. चार-पाच पुसल्यावर शंका आली, कारण माशी इतक्या नेमानं बसत नाही. मग आठवलं, न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या नव्या नियमांनी गेले. अण्णा शाळेत गेले होते त्याच्या आधी. त्यांनी गुरुजींनी शिकवलेलं आयुष्यभर पाळलं होतं, आणि मी ते अनुस्वार धूळ समजून पुसत होतो. दुसऱ्यांदा.

मुलगा म्हणाला, "आता कोण लिहितं असं? राहू द्या काढलेले."

मी कंट्रोल झेड दाबत मागे गेलो.

तिथून पुढं कान उपयोगाचा नव्हता. ४०० टक्के झूम करून कडा बघायच्या. शाई कागदात थोडी पसरते, तिची कड केसाळ असते. माशीचा ठिपका वर बसलेला, कड कापल्यासारखी. साडेअकरापर्यंत सगळे निकाल लागले, एक सोडून. सातव्या पदात 'माझा' या शब्दावर ठिपका. नियमानं तिथं अनुस्वार बसत नाही, जुन्याही नाही. कड मात्र केसाळ. शाईच.

"अण्णांकडून चुकून पडला असेल," मी म्हणालो.

"पडू दे की," मावशी म्हणाल्या आणि वही कापडात बांधायला लागल्या.

चार दिवसांनी प्रेसवरून फोन आला. सोळा पानांची पुस्तिका मशीनवर चढली होती. "साहेब, नवव्या पानावर एका अक्षरावर डाग दिसायलाय. प्लेटवरनं काढू का?"

"हात लावू नका," म्हणालो आणि गाडीची किल्ली शोधायला लागलो.