दुपारी लेव्हलिंग बंद का ठेवता? तुम्ही विचारलंत म्हणून

"लेझर म्हणजे सरळ रेघ. मग बारा वाजले की मशीन बंद करून लिंबाखाली काय बसता?" हंगामभर हेच ऐकतोय. एकदाच सांगतो. मी लेझरनं रान सपाट करून देतो: तिवईवरून लेझरचा किरण सुटतो, ट्रॅक्टरमागच्या माती ओढणाऱ्या बकेटवर तो पकडला जातो, आणि त्या उंचीनं कंट्रोल बॉक्स बकेट वर-खाली करतो.

लेझर सरळ जातो तो पोकळीत. हवा तापली की विरळ होते, आणि प्रकाश थंड, दाट हवेकडे वळतो. तापमानाच्या एका अंशाला हवेच्या अपवर्तनांकात, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या मापात, फरक किती, तर दहा लाखांत जेमतेम एक भाग. हसाल तुम्ही. पण एप्रिलात ऊस तुटून मोकळं झालेलं कृष्णाकाठचं काळं रान तापलं, मीटरभर उंचीत एक अंशाचा फरक पडला, की 200 मीटरवर किरण दीड-दोन सेंटीमीटर वर उचलला जातो. अंतर दुप्पट, तर चूक चौपट. तो वाक तरी कायम राहिला असता तर हिशेबात धरला असता. पण झळा मारणारी हवा गप्प बसते कुठं? तिच्यात लहानमोठे भोवरे उठतात आणि प्रत्येक भोवरा किरणाला आपल्या मर्जीनं ढकलतो.

तासगावकडं एका तात्यांच्या रानात हे सगळं डोळ्यांसमोर होत होतं. कंट्रोल बॉक्सवर उंची बरोबर असल्याचा हिरवा दिवा ठरेना. वरचा बाण, खालचा बाण, परत वरचा. बकेट उगाच थडथड वरखाली. त्यात ट्रॅक्टर तिवईकडं तोंड करून आला की सायलेन्सरचा गरम धूर नेमका किरणाच्या आड. मी मशीन थांबवलं. तात्या बांधावरच्या चार माणसांसमोर म्हणाले, "प्रकाशाला ऊन लागतंय व्हय रं?" सगळे हसले. मी भौतिकशास्त्र सांगायला लागलो, तेव्हा आणखी हसले. त्यांनी शेजारच्या गावातून दुसरं मशीन बोलावलं. ते चारपर्यंत चाललं. माझं अर्ध्या दिवसाचं भाडं अजून येतंय.

पुढं पहिल्या पाण्याला मी मुद्दाम तिकडून गेलो. पाणी सरीतून नीट चाललं होतं. त्या दुसऱ्या मशीनवाल्यानं तिवई जवळ लावली असेल, दुपारी ढग आले असतील. की मीच फार जपतो? माहीत नाही. वाऱ्यानं तिवई हलते आणि मी हवेवर ढकलतो, असंही म्हणतात. थोडं खरं आहे.

पण अमेरिकेनं बोईंग 747 च्या नाकातून लेझर सोडून 2010 मध्ये उडतं क्षेपणास्त्र पाडलं, तेव्हा आधी दुसऱ्या लेझरनं मधली ढवळलेली हवा मोजायचे आणि त्या मापानं आरसा वाकवून मगच मुख्य किरण सोडायचे. एवढं करूनही तो प्रकल्प 2011 मध्ये गुंडाळला. माझ्या तिवईवर तसला आरसा नाही. बी.एस्सी.ला असताना 'प्रकाश सरळ रेषेत जातो' लिहून मी मार्क घेतले, तेही मला मान्य आहे; पेपरात रान तापत नव्हतं.

तेव्हा पहाटे सहाला बोलवा, साडेदहाला थांबेन. आभाळ भरलं असेल तर दिवसभर चालवतो. तात्यांनाही सांगा. मात्र आधीचं भाडं मिटवून.