सात नंबर

सकाळी सव्वासहाला फोन आला तेव्हा गेलेल्याचं नाव ऐकून काही लक्षात आलं नाही. शाळेत त्याला नावाने कोणी हाक मारतच नव्हतं. खो-खोच्या बनियनवर ७ होता आणि सर मैदानाबाहेरून ‘सात, सात’ म्हणून ओरडायचे, तेच नाव झालं. महाल भागातला पत्ता लिहून घेता घेता समोरच्या आवाजाची ओळख पटली. त्याचा मोठा भाऊ बोलत होता.

नेत्रपेढीत असा फोन आला की चार गोष्टी विचारतो: किती वाजता, कशाने, वय किती, डॉक्टरांनी दाखला दिला का. गेला त्याला तास होत आला होता. हृदयाचा जुना आजार, नेहमीचे डॉक्टर येऊन लिहून देऊन गेलेले. रेबीज, एड्स, ब आणि क प्रकारची कावीळ, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग किंवा मृत्यूचं कारणच ठाऊक नसणं, यांपैकी काही असेल तर आम्ही डोळे घेत नाही. त्याला मधुमेह होता, चष्मा होता. त्याने काही अडत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी चालतं.

मग सांगितलं, पंखा बंद करा, पापण्या मिटवून वर ओल्या कापसाची घडी ठेवा, डोक्याखाली दोन उशा द्या.

“आणि कूलर?”

“तोही बंद.”

“मे महिन्यात कूलर बंद करायचा का जी? घर भरून राह्यलं ना लोकांनी.”

कूलरचं तोंड तरी दाराकडे फिरवा म्हटलं. नागपुरात हे दर उन्हाळ्यात सांगावं लागतं. कॉर्निया म्हणजे बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्याचा ओलावा अश्रू आणि पापणीच्या उघडझापीवर टिकतो. माणूस गेला की उघडझाप थांबते. पापणी थोडी उघडी राहिली आणि वर पंखा चालू असला तर बुबुळ वाळू लागतं. उशांचं कारण वेगळं: डोकं उंच असलं की चेहऱ्याकडे रक्त साठत नाही, नंतर सूज आणि रक्तस्राव कमी होतो. सहा तासांच्या आत डोळे काढावेत असं सगळीकडे सांगतात. मे महिन्यात मी मनाशी चारच धरतो.

सातच्या आत पोचलो. सहकाऱ्याला म्हटलं, माझ्या ओळखीतला आहे. “मग मी करतो, तुम्ही सामान द्या,” तो म्हणाला. मी नको म्हटलं. पूर्वी हे काम डॉक्टरलाच करावं लागे. २०११ च्या कायदादुरुस्तीने प्रशिक्षित तंत्रज्ञालाही कॉर्निया काढायची मुभा मिळाली.

त्याने हयातीत फॉर्म भरला होता, पण जवळच्या नातेवाइकाच्या सहीशिवाय आम्ही हात लावत नाही. सोबत दोन साक्षीदार. आत्याबाई आडव्या आल्या, “पुढच्या जन्मी आंधळा आला तर?” वहिनींनी वाद घातला नाही. कालनिर्णयच्या मागच्या पानावर त्याच्या अक्षरात आमचा नंबर लिहिलेला होता, तो दाखवला आणि सही केली. चेहरा विद्रूप होईल का, हे मात्र त्यांनी दोनदा विचारलं. होत नाही. पूर्ण डोळा काढत नाही, पुढची काचेसारखी चकती तेवढी घेतो, साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. आधी अंगाची तपासणी: सुईच्या खुणा, गोंदण, जखमा, कावीळ. दोन्ही कोपरांवर आणि डाव्या कमरेवर जुने, गुळगुळीत वण होते. हे खो-खोच्या खांबावरचे. खांब असतो एकशेवीस सेंटिमीटर उंच. पळणारा गडी खांबाला वळसा घालू लागला की आक्रमकाने एका हाताने खांब धरून अंग आडवं फेकायचं आणि दुसऱ्या हाताने त्याची टाच टिपायची. खांब वर धरला तर अंग गोल फिरतं आणि हात गड्याच्या पाठीवरून निघून जातो. सात खाली धरायचा, म्हणून त्याचा हात टाचेपर्यंत पोचायचा आणि कोपर मातीत जायचं. मॅट तेव्हा कुठली. फॉर्मवर लिहिलं, ‘जुने भरलेले व्रण, कोपर व कंबर.’ त्या रकान्यात कारण लिहायला जागा नसते.

चाचण्यांसाठी जांघेतल्या शिरेतून रक्त घेतलं. मग टॉर्चने डोळे पाहिले. उजवा लखलखीत. डाव्याच्या खालच्या भागात धुरकट पट्टा. भावाला बाहेर जाऊन विचारलं. फोन करेपर्यंत पंखा चालूच होता आणि डावी पापणी पुरती मिटत नव्हती.

पाच टक्के पोव्हिडोन आयोडीन तीन मिनिटं, मग सलाइनने धुणं, निर्जंतुक कापड, पापण्या उघड्या ठेवणारा चिमटा. कॉर्नियाभोवतीचं पातळ आवरण गोल कापून मागे सारलं. पांढऱ्या भागावर, कडेपासून तीन मिलिमीटरवर ब्लेडने चीर दिली. इथे हात हलका लागतो. चिरेत काळसर रेघ दिसली की थांबायचं. तिच्या खाली गेलं तर आतलं पाणी निसटतं आणि डोळा बसतो. पुढे वाकड्या कात्रीने पूर्ण वर्तूळ. सगळ्यात नाजूक काम शेवटी. कडेला चिमट्यात धरून कॉर्निया ओढायचा नाही. तो जागेवर स्थिर धरायचा आणि चपट्या सळईने आतला रंगीत पडदा खाली लोटत सोडवायचा. ओढला की कॉर्निया दुमडतो, घडीच्या रेषेवर आतल्या थरातल्या पेशी मरतात, आणि माणसाच्या डोळ्यात त्या परत तयार होत नाहीत. नवशिके घाई करतात ती नेमकी इथेच.

दोन्ही चकत्या एम. के. द्रावणाच्या बाटल्यांत गेल्या. ते गुलाबी असतं. पिवळट दिसलं तर बाटली बाद. त्यात कॉर्निया चार अंशांवर चार दिवस टिकतो. पेटीत बर्फाला बाटली टेकू द्यायची नाही, गोठली की संपलं. डोळ्यांवर प्लॅस्टिकच्या वाट्या बसवून पापण्या मिटवल्या. वहिनी आत येऊन बराच वेळ चेहऱ्याकडे पाहत होत्या. “झोपले आहेत असं वाटतंय, भाऊजी,” म्हणाल्या.

उन्हं चढायच्या आत, नऊला मोक्षधामला न्यायचं ठरलं होतं. पेटी घेऊन तिथे जाता येत नाही. शाळेच्या ग्रुपवर वेळ टाकली आणि पेढीत परत आलो.

नऊ वाजता मी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, होतो. उजवा निर्दोष, पेशींची मोजणी दर चौरस मिलिमीटरला दोन हजारांच्या बरीच वर. डाव्याचा पट्टा फक्त वरच्या थरात होता, आतला थर शाबूत. असा कॉर्निया पूर्ण बदलायला नाही, पण नुसता आतला थर बसवायच्या शस्त्रक्रियेला चालू शकतो. तसा शेरा लिहिला.

दहाव्या दिवशी भावाचा फोन आला, कोणाला लागले? दाता आणि घेणारा यांची नावं एकमेकांना कळवत नाहीत. दोन्ही लागले, एवढंच सांगितलं.

“डावाही?”

“डावाही.”

“पंखा मीच लावला होता,” तो म्हणाला.