कंस उतरले ती रात्र

जागतिक व्यापार संघटनेची बारावी मंत्रिस्तरीय परिषद जिनिव्हात १५ जून २०२२ रोजी संपायची होती. ती लांबत लांबत १७ जूनच्या पहाटेपर्यंत गेली. त्या शेवटच्या रात्री एका शिष्टमंडळातील कनिष्ठ कर्मचारी म्हणून माझ्याकडे एकच काम होते. मासेमारीला दिल्या जाणाऱ्या अनुदानांवरील कराराच्या मसुद्याची नवी प्रत हाती आली की ती आधीच्या प्रतीशी ओळीओळीने ताडून पाहायची आणि काय बदलले ते वरिष्ठांना सांगायचे.

ज्या शब्दांवर मतभेद असतात, ते मसुद्यात चौकोनी कंसात ठेवण्याची पद्धत आहे. २००१ साली दोहा येथे सुरू झालेल्या या बोलण्यांचा सारा इतिहास त्या कंसांतच वाचता येत असे: विकसनशील देशांना किती वर्षांची सवलत द्यायची, किनाऱ्यापासून किती सागरी मैलांपर्यंत लहान मच्छीमारांना मोकळीक ठेवायची, असे कितीतरी प्रश्न.

त्या रात्री आलेल्या प्रतीत कंस जवळजवळ दिसेनात. मला आधी हायसे वाटले. मग लक्षात आले, की मासेमारीची क्षमता गरजेपेक्षा जास्त वाढवणाऱ्या अनुदानांवरचे, सर्वांत वादग्रस्त असलेले कलमच त्यात नाही. छपाईत पान राहून गेले असेल असे समजून मी प्रत पुन्हा काढली. तीही तशीच आली. साहेबांना सांगितले तेव्हा ते कागदावरून नजर न उचलता म्हणाले, ‘‘तेच काढलंय, म्हणून तर बाकीचं टिकलंय.’’

बाकीचे म्हणजे बेकायदा मासेमारीला, आधीच उपसून काढलेल्या माशांच्या साठ्यांतील मासेमारीला आणि कोणाचेच नियमन नसलेल्या खोल समुद्रातील मासेमारीला मिळणाऱ्या अनुदानांवरील बंदी. ते थोडे नव्हते. तिथे सहमती याचा अर्थ हजर सदस्यांपैकी कोणीही औपचारिक आक्षेप न घेणे एवढाच, आणि तेव्हा सदस्य होते १६४. लहानशा देशाचा शब्दही या पद्धतीमुळे मोलाचा ठरतो, हे मला आजही पटते. पण त्याच पद्धतीत सर्वांत धारदार कलम सर्वांत आधी गळते, याची चीडही येते. शिवाय नियम झाला तरी तंटा झाल्यास अंतिम निवाडा देणारे अपील मंडळ, नव्या नेमणुका अडल्यामुळे, डिसेंबर २०१९ पासून ठप्पच आहे.

पहाटे मंजुरीचा हातोडा आपटला गेला आणि सभागृहात टाळ्या झाल्या. मी त्या वेळी शेवटचे कलम तपासत होतो. करार लागू झाल्यापासून चार वर्षांत व्यापक नियम ठरले नाहीत, तर संघटनेच्या सर्वसाधारण परिषदेने वेगळा निर्णय घेतल्याशिवाय तो संपुष्टात येईल, असे त्यात होते. वगळलेल्या भागावर २०२४ साली अबू धाबीत झालेल्या पुढच्या मंत्रिस्तरीय परिषदेतही एकमत झाले नाही. दोन-तृतीयांश सदस्यांची स्वीकृती मिळून करार १५ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झाला आणि ती चार वर्षे त्या दिवसापासून मोजली जात आहेत.