पाच नंबरचा काळा स्क्रीन

2015 ची गोष्ट आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शाळेची कॉम्प्युटर लॅब मी पाहायचो. दहा मशीन, सगळ्यांवर विंडोज एक्सपी, रॅम 256 एमबी. मायक्रोसॉफ्टनं आदल्या वर्षीच, 8 एप्रिल 2014 ला, एक्सपीचा सपोर्ट बंद केला होता, पण नवीन मशीन येईपर्यंत यांच्यावरच पोरं शिकणार होती म्हणून मी त्यांना जिवापाड जपायचो.

जूनच्या शेवटी शाळा उघडली की पोरं सुटायची. कोणी वॉलपेपरला ट्रॅक्टर लावतो, कोणी मेनू असे गुलाबी करतो की अक्षरंच दिसत नाहीत, आणि दहाही मशीनवर एकच कॉमन युझर, त्यामुळे पुढच्या वर्गाला आधीच्यांचा सगळा पसारा मिळायचा. रोज डिस्प्ले प्रॉपर्टीजमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या सेटिंगमध्ये, जाऊन दहा वेळा तेच ते करून मी थकलो आणि शेवटी एक बॅच फाईल, म्हणजे कमांड्स एकामागून एक आपोआप चालवणारी फाईल, लिहिली. एका मशीनवर विंडोज क्लासिक हा जुना साधा लुक लावून सगळं नीट करून घेतलं, मग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग साठवते तिथं, करंट युझरच्या कंट्रोल पॅनेलखालच्या कलर्स आणि डेस्कटॉप या दोन कीज, म्हणजे सेटिंगचे कप्पे, एक्सपोर्ट करून फाईलमध्ये घेतल्या. फॉन्टची साइज डेस्कटॉपच्याच आत विंडोमेट्रिक्स नावाच्या कप्प्यात असते, तीही सोबत आली. वॉलपेपरनं दोन दिवस खाल्ले, कारण रजिस्ट्रीतून द्यायचा तर एक्सपीला जेपीजी फोटो चालत नाही, बीएमपी प्रकारचीच फाईल लागते. रंगही लगेच बदलत नाहीत, परत लॉगऑन केल्यावर, म्हणजे युझर नव्यानं उघडल्यावर, दिसतात, म्हणून फाईल बंद करतानाच चालवायची ठरवलं. डेस्कटॉपवर "बंद करा" नावाचा शॉर्टकट, तो आधी माझी सेटिंग इम्पोर्ट करतो, म्हणजे परत भरतो, आणि मग मशीन शटडाऊन. सकाळी दहाही स्क्रीन एकसारखे उघडले तेव्हा खरंच लय बरं वाटलं.

पण पाच नंबरच्या मशीनवर आठवीच्या तासाला रोज काळा स्क्रीन दिसायचा. काळ्यावर पांढरी मोठी अक्षरं, म्हणजे हाय कॉन्ट्रास्ट ब्लॅक आणि फॉन्ट एक्स्ट्रा लार्ज. दोनतीनदा मी वर्गात ओरडलो, कोण करते रे हे? कोणीच बोलेना. एक दिवस तास सुरू व्हायच्या आधीच मागं जाऊन उभा राहिलो. जाड चष्म्याची एक पोरगी, नाक स्क्रीनला टेकेल इतकं जवळ, एकेक टॅब शोधत रंग-फॉन्ट बदलायच्या अपिअरन्स टॅबपर्यंत चालली होती. ओके दाबायला तिला आठ मिनिटं लागली. पस्तीस मिनिटांचा तास.

"काऊन करतं बाई हे रोज?" मी विचारलं.

ती घाबरली. "सर, पांढऱ्यावर मले अक्षरं फुटल्यावानी दिसते. काळं केलं का वाचता येते. माया भावानं दाखवलं. पन मी रोज करतो अन् दुसऱ्या दिवशी पुसून जाते."

पुसत मीच होतो. टायपिंगमध्ये तिला मी सगळ्यात कमी मार्क दिले होते, हळू आहे म्हणून.

त्याच दिवशी पाच नंबरवर तिचा वेगळा युझर बनवला, कारण हे सगळे रंग-फॉन्ट युझरप्रमाणे वेगळे साठतात. तरी दुसऱ्या दिवशी परत पांढरं. फाईल जो युझर लॉगऑन असेल त्याच्यावरच इम्पोर्ट करत होती, हे रात्री जेवताना डोक्यात आलं, हात धुऊन तसाच शाळेत गेलो, चौकीदारदादाकडून चावी घेतली आणि सगळ्यात वर एक इफची ओळ टाकली, युझर हा असला तर इम्पोर्ट सोड, फक्त बंद कर. टेस्ट करतानाच लाईट गेली. आमच्याकडे पावसाळ्यात हे रोजचंच. लाईट येईपर्यंत अंधारातच बसलो, कारण पक्कं झाल्याशिवाय घरी जायची इच्छाच नव्हती.

सकाळी तिनं आपल्या नावावर क्लिक केलं, स्क्रीन काळाच उघडला. ती थोडा वेळ नुसती बघत राहिली, मग खुर्ची मागं सरकवली आणि टायपिंग सुरू केलं. मार्काच्या वहीत तिच्या नावापुढचा आकडा मी खोडला आणि तिची टेस्ट परत घेतली.