व्हीलॅन इंटरफेस डाउन का होत नव्हता: माझा अनुभव

स्विचवर व्हीलॅन (स्विचच्या आत वेगळं पाडलेलं आभासी नेटवर्क) बनवणं, त्याच्या इंटरफेसला आयपी देणं, तो ओएसपीएफमध्ये (राउटर एकमेकांना रूट म्हणजे रस्ते कळवतात तो प्रोटोकॉल) टाकणं हे सगळं पटापट झालं. अडकले ते फेलओव्हर टेस्टिंगला, म्हणजे मुख्य रस्ता पडला की बॅकअप लागतो का ते बघताना. व्हीलॅन २० चे सगळे ॲक्सेस पोर्ट (मशीन जोडायचे, एकाच व्हीलॅनचे पोर्ट) बंद केले, म्हणजे आता इंटरफेस पडणार, रूट निघून जाणार आणि ट्रॅफिक बॅकअप राउटरकडून जाणार. पण छे, इंटरफेस आपला अप-अप, म्हणजे चालूच! रूट तसाच जाहीर होतोय, पॅकेट येतायत आणि तिथेच मरतायत.

सपोर्टला तिकीट टाकलं तर दर वेळी नवीन माणूस आणि प्रश्न तोच, "इंटरफेसला शटडाउन दिलंय का?" अहो, मला शटडाउन द्यायचंच नाहीये, तो आपोआप पडायला हवा! मग पूर्ण कॉन्फिग पाठवा, लॉग पाठवा, पाठवलं की परत वाट बघा. आज आठवलं तरी डोकं तापतं, कारण उत्तर 'शो इंटरफेसेस ट्रंक' या कमांडच्या आउटपुटच्या अगदी शेवटच्या भागात होतं, जिथे फॉरवर्डिंगमधले, म्हणजे ट्रॅफिक पुढे पाठवणारे व्हीलॅन दिसतात. दुसऱ्या एका स्विचला जाणाऱ्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या लिंकवर) २० दिसत होता, आणि त्यामुळेच इंटरफेस अप राहत होता. तिकडे या व्हीलॅनचं एकही मशीन नाही, पण ट्रंकवर बाय डिफॉल्ट सगळे व्हीलॅन अलाउड असतात ना.

व्हीलॅनचा इंटरफेस अप ठेवायचा की डाउन, हे स्विच आपोआप ठरवतो, त्याला ऑटोस्टेट म्हणतात. अप राहायला तीन गोष्टी लागतात: व्हीलॅन डेटाबेसमध्ये ॲक्टिव्ह हवा, इंटरफेस शटडाउन नको, आणि त्या व्हीलॅनचा किमान एक पोर्ट अप असून स्पॅनिंग ट्रीत (नेटवर्कमधले लूप टाळणारा प्रोटोकॉल) फॉरवर्डिंग हवा, मग तो ॲक्सेस असो की ट्रंक. पलीकडे कोणी ऐकतंय का, हे स्विच बघतच नाही.

मी ट्रंकवरून २० काढला आणि इंटरफेस लगेच डाउन, रूट गायब, ट्रॅफिक बॅकअपवर. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

'स्विचपोर्ट ऑटोस्टेट एक्सक्लूड' ही कमांड पण आहे, ती दिली की ऑटोस्टेट तो पोर्ट मोजत नाही, पण ते त्या पोर्टवरच्या सगळ्याच व्हीलॅनला लागू होतं, म्हणजे जे व्हीलॅन फक्त त्या ट्रंकवर जगतायत त्यांचे इंटरफेस पडतील, म्हणून मी ते टाळलं. मॉनिटरिंगच्या (ट्रॅफिकवर नजर ठेवणारं यंत्र जोडलेल्या) पोर्टला मात्र ते जरूर लावा.

आणि हो, उलटं झालं, म्हणजे नवीन इंटरफेस अप होत नसेल तर आधी व्हीलॅन खरंच बनवलाय का बघा. जुन्या स्पॅनिंग ट्रीत पोर्ट फॉरवर्डिंगला यायला ३० सेकंद लागतात, तेवढं थांबा.

ट्रंकवरून व्हीलॅन काढताना कमांडमध्ये 'रिमूव्ह' हवंच, ते राहिलं तर ट्रंकवर फक्त २० उरेल आणि बाकी सगळे व्हीलॅन तुटतील.