अठरा पौंडी तोफेचा गाडा, १:६४ प्रमाणात

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची शिडाची युद्धनौका, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली आणि आजही ती इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाहायला मिळते. तिचे आराखडे मुंबईला दोनदा पाठवावे लागले, कारण पहिला संच ज्या ‘जावा’ जहाजावर होता ते १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जिंकून घेतले. मी गेली दोन वर्षे तिची १:६४ प्रमाणातील प्रतिकृती करत आहे. तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट, म्हणजे प्रतिकृतीत ७१ सेंटिमीटरांच्या आसपास, आणि मूळ आराखड्यानुसार त्या डेकवर अठरा पौंडी गोळा फेकणाऱ्या २८ तोफा. या २८ तोफगाड्यांनीच माझे सर्वाधिक दिवस घेतले.

तयार संचासोबत आलेले गाडे मी पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवले. चारही चाके एकाच मापाची, दोन्ही बाजूफळ्या एकमेकींना समांतर आणि त्यांची जाडी कोणत्याच हिशेबात न बसणारी, असे ते होते. तोफगाड्याची बरीचशी मापे तोफेच्या गोळ्यावरून ठरत, हे एकदा कळले की असे गाडे डोळ्यांना खुपू लागतात. अठरा पौंडी तोफेच्या नळीचा आतला व्यास ५.२९ इंच असे, आणि गोळा त्याहून किंचित लहान. बाजूफळीची जाडी साधारण या गोळ्याच्या व्यासाइतकी ठेवत. आमच्या प्रमाणात ती दोन मिलिमीटर येते, म्हणून मी दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या आधी काढून घेतल्या आणि मगच बाकीच्या मापांना हात घातला.

अर्थात त्याआधी तोफ नक्की व्हायला हवी. नऊ फुटी तोफेची ही लांबी मागच्या कड्यापासून तोंडापर्यंत मोजलेली असते. मागची गोल मूठ तीत धरत नाहीत. अनेक जण मुठीसकट मोजतात आणि तोफ आखूड करून बसतात. १:६४ मध्ये ही लांबी ४२.९ मिलिमीटर होते. तोफेच्या दोन्ही अंगांना जे आडवे खुंट असतात, ज्यांना इंग्रजीत ट्रनियन म्हणतात, ते बाजूफळ्यांच्या खाचांत बसतात आणि त्यांवर लोखंडी पट्टी येते. (या खुंटांना ‘कान’ म्हणण्याचा मोह मी आवरला आहे. मराठीत तोफेचा कान म्हणजे बत्ती देण्याचे छिद्र. शत्रूच्या तोफा निकामी करायला ज्यात खिळे ठोकत, तो हा कान.)

तोफ मागे जाड आणि पुढे निमुळती असल्यामुळे बाजूफळ्याही मागे एकमेकींपासून लांब आणि पुढे जवळ असतात. हा फरक प्रतिकृतीत जेमतेम मिलिमीटरभराचा असला, तरी तो चुकला की तोफ एक तर खाचेत अडकते किंवा सैल डुलते. फळीच्या मागच्या भागाला पायऱ्या असतात, आणि त्या शोभेच्या नाहीत. तोफेचे तोंड वरखाली करताना खलाशी या पायऱ्यांवर पहार टेकवून मागचा भाग उचलून धरीत आणि दुसरा खलाशी खालची पाचर पुढेमागे सरकवी. हे समजल्यावर मी पायऱ्यांच्या कडा पॉलिशपेपरने गोल करणे थांबवले; गोल कडेवर पहार टिकणार नाही.

चाकांचे कारण त्याहून सुंदर आहे. डेक मध्यभागी उंच आणि दोन्ही काठांकडे उतरता असतो, आणि तोफेचे तोंड काठाकडे असते. गाडा पुढे झुकू नये म्हणून पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठी करत. त्याच उतारामुळे बार झाल्यावर मागे येणारी तोफ चढावर चढते आणि तिचा जोर थोडा कमी होतो, तर भरलेली तोफ पुन्हा जहाजाच्या बाजूतल्या तोफेच्या खिडकीकडे ओढताना उतार खलाशांच्या मदतीला येतो.

लाकडाबाबत मी एक गोष्ट ठामपणे सांगेन: जहाज सागाचे होते म्हणून गाडे सागाचे करू नयेत. सागाची छिद्रे पाव मिलिमीटरची धरली, तरी ती या प्रमाणात सोळा मिलिमीटरची होतात, आणि गाडा वाळवीने खाल्ल्यासारखा दिसतो. मी हळदू वापरला. त्याचा पोत बारीक आणि एकसारखा असतो आणि दोन मिलिमीटरच्या पट्टीतही पायरीची कड तुटत नाही. चाके मात्र गोल काठीच्या चकत्या कापून करू नयेत. त्या ठिसूळ निघतात आणि आसासाठी भोक पाडताना दुभंगतात. पितळी नळीच्या तोंडाला धार लावून ती ड्रिलमध्ये बसवली आणि पातळ फळीतून चाके कापली, की ती मजबूत येतात.

एवढे सगळे ठाऊक असूनही मी नऊ गाडे वाया घालवले. खिडकीच्या उंबऱ्यापासून उंची मोजली ती डेकवर फळ्या बसवण्यापूर्वी, आणि फळ्यांची जाडी एक मिलिमीटर. फळ्या बसल्यावर पहिला गाडा ठेवला, तेव्हा तोफेचे तोंड खिडकीच्या वरच्या कडेकडे गेलेले दिसले. एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावर अडीच इंच. तोंड वर करायला जागाच उरली नाही. चाके लहान करून भागवावे असे एक संध्याकाळभर वाटत राहिले, परंतु मग गाडा गोळ्याच्या हिशेबातून सुटला असता. अखेर नवा साचा केला. त्यात आसांची खाच एक मिलिमीटर वर घेतली आणि बाजूफळीचा खालचा कमानदार भाग त्या मानाने कमी केला. आता गाडा चिकटवण्याआधी प्रत्येक खिडकीशी वेगळा लावून पाहतो, कारण डेकचा लांबीतला बाक प्रत्येक खिडकीपाशी थोडा बदलतो.

लोखंडी पट्ट्या तांब्याच्या पातळ पत्र्याच्या आहेत आणि काळ्या रंगवल्या आहेत. मागे येणारी तोफ अडवणारा जाड दोर मुठीवरच्या कड्यातून ओवायचा असतो. सुती दोऱ्याचे तंतू या प्रमाणात काथ्यासारखे उभे दिसतात, म्हणून तो मेणातून दोनदा ओढून घेतो. २८ पैकी १९ गाडे झाले आहेत. जुन्या नवांपैकी एक खिडकीच्या मापासाठी नमुना म्हणून टेबलावर ठेवला आहे, आणि त्याच्या तळावर पेन्सिलीने ‘आधी डेक’ असे लिहिले आहे.