काबाल शोक आणि आईची खुर्ची

आई जेवायला बसताना खुर्ची फिरवून घेते. मी चित्र लावलेल्या भिंतीकडे पाठ. विचारलं तर म्हणते, इकडून खिडकी दिसते. नोव्हेंबर आहे, लंडनमध्ये जेवायच्या वेळेला खिडकीत नुसता काळोख असतो.

तिला ते चित्र नको आहे. तोंडावर म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती पाठ फिरवते ते मला लागतं. काल अंथरुणावर पडल्यावर तेच, आज ऑफिसात तेच. एवढ्याशा गोष्टीचं एवढं का लागावं?

या घरात माझं असं आहे काय? पडदे घरमालकाचे, सोफा आधीच्या भाडेकरूचा. मी निवडून, फ्रेम करून आणलेली ही दोनच चित्रं. मेक्सिकोतल्या याश्चिलान या प्राचीन माया शहरातल्या कोरीव दगडी पट्ट्यांची, चोविसावी आणि पंचविसावी. अनिकेत गेल्यावरच्या हिवाळ्यात मी ब्रिटिश म्युझियमच्या सत्तावीस नंबरच्या दालनात जाऊन या पट्ट्यांसमोर उभी राहायचे. तिथे कुणी काही विचारत नाही.

चोविसाव्या पट्टीत माया राणी काबाल शोक गुडघ्यांवर बसली आहे. समोर तिचा नवरा, राजा इत्सामनाह बालाम, भली मोठी पेटती मशाल धरून उभा. तिने जिभेला भोक पाडून त्यातून काटे ओवलेला दोर ओढलाय. दोर खाली टोपलीत उतरतो, टोपलीत रक्ताचे ठिपके पडलेले कागद. इ.स. 709 मधला विधी. तिच्या तोंडाभोवती, गालावर रक्ताची वळणं कोरली आहेत. आणि अंगावरचं ते उइपिल, माया बायकांचा सैल झगा! तिरक्या चौकटींचं जाळं, प्रत्येक चौकटीत नक्षी, एक धागा चुकलेला नाही. चियापासमधल्या माया बायका आजही कमरेला माग बांधून तसल्या चौकटी विणतात. चेहरा मात्र शांत. त्या हिवाळ्यात मला तो चेहरा हवा होता.

आई आली त्या दिवशी चित्रासमोर थांबली आणि म्हणाली, "दुखत असेल गं हिला." मग जरा वेळाने, "मला वाटलं होतं, इथं ह्यांचा फोटो असेल." मी चहा ठेवायला गेले. तो फोटो तिने आणलाय, अजून बॅगेत आहे. असो.

दुखत असेल. घरी कुणी आलं की मी उइपिल दाखवते, मशाल दाखवते. ही पट्टी मुळात दारावरची. याश्चिलानची तेविसावी इमारत या बाईचीच, तिच्या एका दारावर ही बसवलेली, कोरलेली बाजू खाली. आत शिरताना मान वर केली तरच ती दिसायची. आल्फ्रेड मॉडस्ले या इंग्रज संशोधकाने 1882 मध्ये ती उतरवून घेतली, उसुमासिंता नदीच्या वाटेने नेता यावी म्हणून मागून तासून हलकी केली, पुढच्या वर्षी ती इंग्लंडला आली. त्या ओसाड इमारतींमध्ये तिथल्या जंगलातले लाकांदोन माया लोक तेव्हाही येऊन कोपालचा, म्हणजे झाडाच्या राळेचा, धूप जाळत होते. आणि मी तिला सोफ्याच्या वर, दिव्याशेजारी लावलंय. मला ती मनापासून आवडते, हे खरं. आवडणं पुरतं का? आई पाठ करून बसली की वाटतं, माझ्याच त्या हिवाळ्याकडे पाठ केलीय तिने. मी तिला कधी सगळं सांगितलंही नाही, आणि तिने विचारलंही नाही.

आज मेथी निवडताना तिनेच विषय काढला. "कशासाठी करायची ती असं?"

सांगितलं. रक्ताचे कागद जाळायचे, त्या धुरातून पूर्वज भेटायला यायचा. पंचविसाव्या पट्टीत तो आलेला दिसतो. ती मान वर करून बघतेय, समोर प्रचंड नाग वर चढलाय आणि त्याच्या जबड्यातून भालाधारी योद्धा बाहेर येतोय. आईने हातातली जुडी खाली ठेवून ते चित्र नीट बघितलं, जवळ जाऊन.

"पोतराज दारात येऊन आसूड ओढायचा तेव्हा मी आतच थांबायचे," ती म्हणाली. "सुपातलं धान्य तुझी आजी नेऊन द्यायची. त्याला खोटं नाही म्हणत मी. मला बघवत नाही, एवढंच."

बघवत नाही, एवढंच. माझ्या मनात काय काय होतं! ते सगळं गेलं असं नाही, पण रात्री जेवताना तिने खुर्ची फिरवली तेव्हा मी भाकरी वाढत राहिले. तिला बघवत नाही, मला बघितल्याशिवाय राहवत नाही.

पंचविसावी आहे तिथेच राहील. चोविसावी पॅसेजमध्ये नेईन, झोपायच्या खोलीच्या दारावर, उंच. भिंतीत नवा खिळा मारायचा तर घरमालकाला विचारावं लागतं, मेल टाकलाय. शुक्रवारी म्युझियम रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं, येतेस का म्हणून आईला विचारलं. म्हणाली, गुडघे काय म्हणतात ते बघू.